फुली

नौपाड्यात पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये
दर बुधवारी आम्ही चार टेबलं मांडतो.
साडेसातपर्यंत पायाखाली जमीन थरथरते,
मग गिरणीवाला पट्टा उतरवतो आणि पत्त्यांचा आवाज येऊ लागतो.
बोली तोंडाने नाही. डब्यातून कार्ड काढून ठेवायचं:
पास हिरवा,
डबल लाल, त्यावर पांढरी फुली.

फुली म्हणजे चूक, हे पाटकरबाईंनी शिकवलं होतं
गणिताच्या वहीत, पानोपानी.
फुली हा प्रश्नही असतो, हे साठी उलटल्यावर कळलं.

श्रोत्रींनी उघडलं, एक बदाम.
माझ्याकडे बदामाची एकटी तिर्री,
बाकी तिन्ही रंग चार-चार, गुण चौदा.
असा हात मागून मिळत नाही.
मी फुली ठेवली.
पिंटो पास.

आता टिपणीस.
चष्मा कपाळावर, पत्ते छातीशी.
मी टेलिफोन एक्स्चेंजला सत्तावीस वर्षं काढली,
लाइनवर माणूस आहे आणि बोलत नाही
हे मला श्वासावरून कळतं.
बराच वेळ तसा श्वास.
मग हिरवं कार्ड.
त्यावर श्रोत्रींचं हिरवं, हसू दाबून.

एक बदाम डबल. त्यांनी नऊ हात केले.
तीनशे साठ.
आकडा लिहिताना पिंटोने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी टिपणीसांचे पत्ते उलटून पाहिले:
इस्पिकची राणी, तिच्याखाली तीन बारकी,
चौकटचा एक गुलाम.
"काय बोलणार? होतं काय माझ्याकडे?"

अहो, काही असतं तर गप्प बसायची मुभा होती.
त्यांच्याच बदामांचा ढीग तुमच्या हातात असता
तर तो पास म्हणजे थप्पड.
रिकाम्या हाताला पास नाही.
रिकाम्या हाताने स्वस्तातलं का होईना, बोलायचं.
नऊ-दहा गुण असले तर एक पायरी उडी मारून,
म्हणजे मला कळेल की तुम्ही घाबरून बोलत नाही आहात.

ते म्हणाले, कळव्याच्या कारखान्यात शिकलो,
जेवणाच्या सुट्टीत, डबे बाजूला सारून.
तिथे डबल म्हणजे दम.
करंदीकर मूठ आपटून द्यायचा, ग्लासातलं पाणी हलायचं.
"विचारायचं तर सरळ विचारावं माणसाने."

सरळ विचारायला कार्डच नाही.
बोलीची पस्तीस कार्डं, प्रत्येकावर एक दावा.
'मला ठाऊक नाही, तुम्ही सांगा'
असं कुणी छापलंच नाही.
म्हणून दम द्यायचं कार्ड उसनं घ्यावं लागतं.

अकराव्या डावात पिंटोने एक इस्पिक म्हटलं
आणि टिपणीसांनी फुली ठेवली,
काचेची असल्यासारखी, हळू.
श्रोत्री पास.
माझ्या हातात एकही चित्र नव्हतं.
सगळ्यात मोठा पत्ता नव्वी, तीही बदामाची.
किलवर पाच, सत्तीपासून खाली.
बोटं हिरव्याकडे गेली, खोटं कशाला सांगू.
दोन किलवर.
पिंटो दोन इस्पिकवर चढला, टिपणीस तीन किलवरवर,
आणि मी तो डाव एका हाताने घालवला.
पन्नास गेले. त्यांचे एकशेदहा झाले असते.

रात्री साडेदहाला फोन.
"तुमच्याकडे खरंच काही नव्हतं?"
नव्हतं.
"मग किलवर कशाच्या जोरावर?"
तुम्ही विचारलं होतंत.

पुढे काही नाही.
एक्स्चेंजमध्ये अशा वेळी तीनदा हॅलो म्हणून
वायर उपटायची पद्धत होती.
मी ती पाळली नाही.
त्यांच्या खिडकीखालून एक रिक्षा गेली,
मागे कुकरची एक शिट्टी, एवढ्या उशिरा.

"एक इस्पिक," टिपणीस म्हणाले.